वेशीबाहेरचें कोल्हापूर

कोल्हापूरच्या रेल्वेस्थानकावर उतरून एखादा यात्रेकरू अंबाबाईच्या देवळाकडे पायीं निघाला, तर अर्ध्या-पाऊण तासांत या शहराच्या इतिहासाचीं पानें त्याच्यापुढें उलट्या क्रमानें उघडत जातात. स्थानकाबाहेर पडतांच शाहूपुरी लागते. तिचे रस्ते सरळ आहेत आणि गल्ल्या त्यांना काटकोनांत येऊन मिळतात. जयंती नाल्यावरचा पूल ओलांडला कीं लक्ष्मीपुरी येते; तेथें धान्याचा बाजार, दुकानांच्या रांगा आणि माणसांची वर्दळ. तेथून पुढें बिंदू चौकांत जुन्या तटाचा एक उरलेला भाग दिसतो. तो मागें टाकला कीं रस्ता अरुंद होतो, वळणें घेऊं लागतो, त्याला बोळ फुटतात, आणि असा वळतवळत तो भाविकाला देवळाच्या दारापर्यंत नेऊन पोंचवतो. एकाच शहराचीं हीं दोन रूपें, सरळ आणि वांकडें, कशीं निर्माण झालीं? आणि सरळ रस्त्यांचें शहर बांधतांना वांकड्या रस्त्यांचें शहर कसें वांचलें? या प्रश्नांचें उत्तर शोधूं लागलें म्हणजे शहरें वाढतात कशीं, आणि कशीं वाढावींत, यावरहि थोडाफार प्रकाश पडतो.

मूळ वस्तीपासून आरंभ करणें बरें. पंचगंगेच्या कांठीं ब्रह्मपुरी नांवाची टेकडी आहे. १९४५-४६ सालीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. सांकळिया व डॉ. दीक्षित यांनीं तेथें उत्खनन केलें, तेव्हां सातवाहनकालीन वस्तीचे अवशेष उजेडांत आले. तेथेंच मिळालेली पोसायडन या ग्रीक सागरदेवतेची लहानशी कांस्यमूर्ति या गांवाचा दूरच्या रोमन जगाशीं असलेला संबंध सांगते. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीं येथें नांदतें गांव होतें. परंतु त्याहून लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट अशी कीं, त्या जुन्या लोकांनीं वस्तीसाठीं नदीकांठची सखल जमीन निवडली नाहीं, उंचवटा निवडला. पाणी हाताशीं असावें, पण पायाशीं येऊं नये, हा त्यांचा हिशेब होता. या हिशेबाची आठवण पुढें पुन्हां करावी लागणार आहे.

कोल्हापूर राज्याची राजधानी पन्हाळ्यावरून १७८२ च्या सुमारास खालीं या गांवीं आली. देवीचें क्षेत्र होतेंच. आतां तें राजाचें गांव झालें. भोंवतीं तट, तटाबाहेर खंदक, आणि ये-जा करण्यासाठीं वेशी: गंगा वेस, रंकाळा वेस, वरुणतीर्थ वेस, आदितवार वेस, शनिवार वेस. तटाच्या आंत देऊळ, जुना राजवाडा आणि त्यांना बिलगून वारांच्या नांवांच्या पेठा. तटानें रक्षण होतें, परंतु तटच शहराला बांधूनहि ठेवतो. माणसें वाढलीं तरी जागा वाढत नाहीं. एका वाड्याचे दोन होतात, परसांत खोल्या उठतात, रस्त्याची रुंदी ओट्यांनीं खाल्ली जाते. जुन्या कोल्हापुरांतील बोळ कोणा एका माणसानें आंखलेले नाहींत; तटाच्या आंत दाटीवाटीनें राहणाऱ्या पिढ्यांनीं ते घडवले आहेत.

या तटानें आपलें काम अखेरचें केलें तें १८५७ सालीं. त्या वर्षाच्या जुलै महिन्याच्या अखेरीस येथील पलटणीनें उठाव केला, आणि डिसेंबरांत बंडवाल्यांनीं शहर ताब्यांत घेऊन वेशी लावून घेतल्या. कर्नल जेकब फौज घेऊन आला, वेस फोडून आंत शिरला, आणि एका दिवसांत सारें आटोपलें. राजबंधु चिमासाहेब यांना पकडून कराचीस नेण्यांत आलें व तेथेंच त्यांचा अंत झाला. तोफांच्या युगांत दगडी तट शहराला वांचवूं शकत नाहीं, हें त्या दिवशीं सिद्ध झालें. पुढें तट हळूहळू नाहींसा होत गेला आणि खंदक बुजत गेले. वेशी गेल्या, पण त्यांचीं नांवें गेलीं नाहींत. आजहि रिक्षावाल्याला ‘गंगावेस’ म्हटलें कीं पुरतें. वेस कोठें आहे असें तो विचारीत नाहीं.

तट पडल्यानें शहर आपोआप वाढत नाहीं. वाढण्यासाठीं पाणी लागतें, रस्ता लागतो, आणि बाहेर जाण्यासारखें कांहीं कारण लागतें. हीं तिन्ही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत एकामागून एक आलीं. १८५४ सालीं नगरपालिका स्थापन झाली होती. कळंबा तलावाचें पाणी शहरांत आलें. मेजर मँट या स्थापत्यविशारदानें टाउन हॉल उभारला, आणि १८७७ ते १८८४ या काळांत शहराच्या उत्तरेस त्याच्याच आराखड्यानुसार नवा राजवाडा बांधला गेला. राजा वेशीबाहेर राहायला गेला म्हणजे प्रजेलाहि वेशीबाहेरची भीति राहत नाहीं. तरी व्यापार मात्र अजून जुन्या गांवांतच होता, आणि शहराचा प्राण व्यापारांत असतो.

व्यापाराला बाहेर काढलें रेल्वेनें. मिरजेहून कोल्हापूरला येणाऱ्या लोहमार्गाची कोनशिला मे १८८८ मध्यें शाहू छत्रपतींच्या हस्तें बसवण्यांत आली. त्या वेळीं त्यांचें वय अवघें तेरा वर्षांचें होतें. १८९१ सालीं गाडी सुरूं झाली. स्थानक साहजिकच जुन्या गांवापासून दूर, नाल्याच्या पलीकडे, मोकळ्या रानांत होतें. १८९४ सालीं महाराजांनीं राज्यकारभार हातीं घेतला, आणि दुसऱ्याच वर्षीं, १८९५ मध्यें, त्या स्थानकाजवळच्या रानांत त्यांनीं शाहूपुरी ही व्यापारी पेठ वसवली.

या निर्णयामागचें शहाणपण समजण्यासाठीं गुळाचा व्यवहार डोळ्यांपुढें आणला पाहिजे. पंचगंगेच्या आणि तिच्या उपनद्यांच्या खोऱ्यांत ऊस पिकतो. सुगीच्या दिवसांत शिवारांत गुऱ्हाळें लागतात. काहिलींतला पाक वाफ्यांत ओतून गुळाचे रवे पाडतात. हे रवे बैलगाड्यांत भरून शेतकरी बाजाराला येतो. अशा शेंकडों गाड्या जुन्या गांवाच्या बोळांत शिरवणें, तेथें माल उतरवून अडत्याकडे सौदा करणें, आणि तोच माल पुन्हां स्थानकावर नेऊन गाडींत चढवणें, म्हणजे एकाच मालाला दोनदां ओझें होणें होय. पेठच रुळाजवळ नेली तर एक ओझें वांचतें, आणि गांवांतल्या बोळांनाहि श्वास मिळतो. महाराजांनीं व्यापाऱ्यांना जागा दिल्या, सवलती दिल्या आणि त्यांना तेथें वसवलें. कोल्हापुरी गूळ देशभर प्रसिद्ध झाला, त्याचें श्रेय येथील मातीला आहे, शेतकऱ्याला आहे, तसेंच या एका दूरदृष्टीच्या निर्णयालाहि आहे. पुढें गुळाचा बाजार मार्केट यार्डांत गेला. त्या यार्डालाहि शाहूंचेंच नांव आहे.

शाहूपुरी वसत असतांनाच देशावर प्लेगचें संकट आलें. १८९६ सालीं तो मुंबईंत शिरला व लवकरच कोल्हापूर संस्थानांतहि पोंचला. भास्करराव जाधव यांच्याकडे प्लेगनिवारणाचें काम सोंपवण्यांत आलें. गांवें मोकळीं करून माणसांना रानांत झोंपड्या घालून राहावें लागलें. दाट वस्ती, अंधाऱ्या खोल्या आणि कोंडलेली हवा यांत रोग कसा फोफावतो, हें सर्वांनीं पाहिलें. मुंबई सरकारनें त्यावर जो उपाय केला तो उल्लेखनीय आहे. १८९८ सालीं इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन करून त्यानें दाट वस्त्या पाडल्या, त्यांतून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड यांसारखे रुंद रस्ते काढले, आणि पुढें दादर-माटुंग्याकडील मोकळी जमीन वस्तीसाठीं आंखून दिली. हवा खेळूं लागली हें खरें. परंतु ज्यांचीं घरें पडलीं त्या गरिबांपैकीं अनेकांना नव्या जागांचें भाडें परवडेना, व ते शेजारच्या दाटींत आणखी दाटी करून राहिले. त्याआधीं पॅरिसमध्यें बॅरन ओसमान यानें १८५३ ते १८७० या काळांत हेंच काम फार मोठ्या प्रमाणावर केलें होतें. तेथील भव्य मार्गांचें जगानें कौतुक केलें. त्या मार्गांखालीं गेलेल्या घरांतलीं माणसें शहराच्या कडेला फेंकलीं गेलीं, त्यांची आठवण फारशी कोणी ठेवली नाहीं.

कोल्हापुरांत असें मोठें पाडकाम झालें नाहीं. याचें सारें श्रेय शहाणपणाला देणें मात्र अतिशयोक्तीचें होईल. लहान संस्थानाच्या खजिन्यांत तेवढा पैसा नव्हता, आणि वेशीबाहेर पाहिजे तेवढी जमीन मोकळी पडली होती. परंतु मोकळी जमीन असूनहि ती कशासाठीं व कोणासाठीं वापरावी, याचा निर्णय कोणाला तरी करावाच लागतो. शाहू महाराजांनीं तो कसा केला, हें जुन्या गांवाच्या कडेनें फिरलें कीं दिसतें. १९०१ सालापासून त्यांनीं निरनिराळ्या जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठीं वसतिगृहें उभीं करण्यास आरंभ केला. व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, जैन बोर्डिंग, मुस्लिम बोर्डिंग, आणि ज्यांना अस्पृश्य म्हणत त्यांच्या मुलांसाठीं १९०८ सालीं मिस क्लार्क बोर्डिंग. खेड्यांतून आलेल्या ज्या मुलाला जुन्या पेठेंतील वाड्यांत जातीमुळें ओटासुद्धां मिळाला नसता, त्याला वेशीबाहेरच्या शहरांत खोली मिळाली. शहराची वाढ एकरांत मोजतात. ती अशा खोल्यांतहि मोजावी.

याच संदर्भांत गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलाची हकीकत कोल्हापुरांत सांगतात. राजवाड्याच्या नोकरींत असतांना पाण्याला शिवल्याच्या आरोपावरून त्यांना मारहाण झाली. महाराजांना तें कळलें, तेव्हां त्यांनीं कांबळे यांना स्वतंत्र धंदा करावयास सांगून भररस्त्यावर चहाचें दुकान घालून दिलें. दुकान निघालें, पण गिऱ्हाईक येईना. मग महाराजांनीं आपली गाडी तेथें थांबवावी, चहा मागवावा, स्वतः घ्यावा आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाहि पाजावा, असा क्रम ठेवला. छत्रपतींनीं घेतलेला चहा नाकारायचा कोणी? रस्ता रुंद करणें हें इंजिनियराचें काम. तो सर्वांचा करणें हें राजाचें. शाहूंनीं दोन्ही कामें एकच समजून केलीं. कुस्तीसाठीं खासबाग मैदान १९१२ सालीं झालें. त्याच्या शेजारीं १९१५ सालीं पॅलेस थिएटर उभें राहिलें, तेंच आजचें केशवराव भोसले नाट्यगृह. ८ ऑगस्ट २०२४ रोजीं तें आगींत होरपळलें, तेव्हां स्वतःचें घर जळावें तसे कोल्हापूरकर रस्त्यावर उभे राहून रडले, आणि नाट्यगृह होतें तसेंच पुन्हां बांधावें अशी मागणी त्यांनीं लागलीच केली. सार्वजनिक वास्तु लोकांची झाली कीं नाहीं, याची याहून चांगली कसोटी कोणती?

नगररचनेचा हाच वारसा पुढें चालला. १९१७ सालीं महाराजांनीं आपल्या जनक वडिलांच्या नांवानें शिरोळ भागांत जयसिंगपूर हें नवें गांव काटकोनांत आंखून वसवलें. १९२२ सालीं गादीवर आलेल्या राजाराम महाराजांच्या कारकीर्दींत कोल्हापूरच्या पूर्वेला उंचवट्यावर राजारामपुरी आंखली गेली. मधून एक मुख्य रस्ता, आणि त्याला मिळणाऱ्या गल्ल्यांना नांवें न देतां दिलेले क्रमांक: पहिली गल्ली, दुसरी गल्ली, अशा चौदाव्या गल्लीपर्यंत. गल्लीला क्रमांक देण्याची ही रीत पाहून अमेरिकेंतील न्यूयॉर्क शहराची आठवण होते. १८११ सालीं तेथील आयुक्तांनीं मॅनहॅटन बेटाचा नकाशा पुढें घेऊन बारा उभे व एकशें पंचावन्न आडवे रस्ते आंखले आणि त्यांना क्रमांक दिले. त्या वेळीं त्यांतील बहुतेक जागेवर शेतें आणि टेकड्या होत्या. क्रमांकांत एक गुण आहे. जुन्या पेठेंतील गल्लीला एखाद्या जातीचें, धंद्याचें किंवा घराण्याचें नांव असतें, आणि तेथें राहणाऱ्याला त्या नांवाचें ओझें वाहावें लागतें. आठव्या गल्लींत राहणारा माणूस फक्त आठव्या गल्लींत राहतो.

अमेरिकेचेंच दुसरें उदाहरण मात्र सावध करणारें आहे. १९४९ सालच्या गृहनिर्माण कायद्यानें तेथील मध्यवर्ती सरकारनें शहरांतील जुन्या वस्त्या विकत घेऊन पाडण्यासाठीं पैसा देऊं केला. बोस्टन शहरांत वेस्ट एंड नांवाचा मोहल्ला होता. इटालियन, ज्यू वगैरे स्थलांतरित कष्टकऱ्यांची ती दाट पण नांदती वस्ती होती. १९५८ नंतरच्या दोन-तीन वर्षांत ती जवळजवळ संपूर्ण भुईसपाट करण्यांत आली, सुमारें २,७०० कुटुंबें उठलीं, आणि त्या जागीं श्रीमंतांसाठीं उंच इमारती आल्या. हर्बर्ट गॅन्स या समाजशास्त्रज्ञानें पाडकामापूर्वीं तेथें राहून त्या लोकांचें जीवन अभ्यासलें होतें. कागदावर जिला गलिच्छ वस्ती ठरवलें, ती वास्तविक शहरांतलें एक गांवच होती, असें त्यानें दाखवून दिलें. आपण चूक केली हें अमेरिकन नगररचनाकारांनीं पुढें मान्य केलें. पण तोंवर मोहल्ला उरला नव्हता. पाडलेलें घर पुन्हां बांधतां येतें, पण मोडलेला शेजार जुळत नाहीं. मंगळवार, शुक्रवार, शनिवार या पेठांतल्या तालमी, तेथील मंडळें आणि पिढ्यान् पिढ्यांचे शेजार आज टिकून आहेत, याला वेशीबाहेर वसवलेल्या पेठांचा मोठाच हातभार आहे.

येथवरची हकीकत समाधानाची आहे. परंतु नाण्याची दुसरी बाजू सांगितल्यावांचून इतिहास पुरा होत नाहीं. जुनें कोल्हापूर तळ्यांचें गांव होतें. रंकाळा उरला, म्हणून तो सर्वांना ठाऊक आहे. इतर तळीं मात्र केवळ नांवापुरतीं उरलीं. वरुणतीर्थ बुजवून त्याचें मैदान झालें, तेंच गांधी मैदान. कपिलतीर्थाच्या जागीं भाजीमंडई भरते. रावणेश्वराच्या तळ्यावर आज शाहू स्टेडियम आहे. गाळानें आणि घाणीनें भरलेलें तळें बुजवणें हें त्या काळीं आरोग्याचेंच काम समजलें जाई, आणि शहराला मैदानें व मंडया हव्याच होत्या. ज्यांनीं तळीं बुजवलीं त्यांचा हेतु वाईट नव्हता. पण तळें बुजवलें तरी त्याकडे येणारा उतार बुजत नाहीं. मोठा पाऊस झाला कीं गांधी मैदानांत पाणी सांचतें, तें आपल्या जुन्या घरींच येतें.

हीच गोष्ट नदीची आणि जयंती नाल्याची. शाहूपुरी व लक्ष्मीपुरी वसल्या त्या नाल्याच्या दोन्ही अंगांस. आरंभीं भोंवतीं मोकळी जागा होती. पूर आला तर पसरायला रान होतें. पुढच्या शंभर वर्षांत तें रान घरांनीं भरलें. १९०१ सालीं सुमारें ५४ हजार वस्तीचें असलेलें हें शहर २०११ च्या जनगणनेंत ५ लाख ४९ हजारांवर गेलें. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेच्या पाण्याची पातळी ४३ फुटांवर गेली कीं ती धोक्याची समजतात. ऑगस्ट २०१९ मध्यें, आणि पुन्हां जुलै २०२१ मध्यें, ती ५५ फुटांच्याहि वर गेली. २०१९ च्या पुरांत शाहूपुरीच्या कुंभार गल्लींत पाणी शिरलें. गणेशचतुर्थी महिन्याच्या आंत आली होती. वर्षभराच्या कमाईची आशा ज्यांवर होती, त्या मातीच्या मूर्ति पाण्यांत विरघळून गेल्या. त्या वेळीं ब्रह्मपुरीच्या उंचवट्यावर वस्ती करणाऱ्या दोन हजार वर्षांपूर्वींच्या माणसांची आठवण कोणाला झाली असेल, तर त्यांत नवल नाहीं.

शहर वाढतच राहिलें. यंत्रें व ओतकाम करणाऱ्या कारागिरांचें शिवाजी उद्यमनगर उभें राहिलें. १९६२ सालीं सागरमाळावर शिवाजी विद्यापीठ स्थापन झालें. १९७२ सालीं नगरपालिकेची महानगरपालिका झाली. पण त्यानंतर पन्नास वर्षें शहराची हद्द तेथेंच राहिली. हद्दवाढीची मागणी शहरानें करावी आणि भोंवतालच्या गांवांनीं तिला विरोध करावा, असें वर्षानुवर्षें चाललें. शहराचें म्हणणें असें कीं, रस्ते, पाणी, दवाखाने आम्हीं पुरवावे आणि वाढ मात्र हद्दीबाहेर व्हावी, हा न्याय नव्हे. गांवकऱ्यांचें म्हणणें असें कीं, शहर आलें कीं कर येईल, आणि शेत जाईल. २०१७ सालीं ४२ गांवांसाठीं एक विकास प्राधिकरण नेमण्यांत आलें, तरी तंटा मिटला नाहीं. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. जुना दगडी तट एका दिवसांत फुटला. कागदावरची ही नवी वेस मात्र अर्धें शतक अभेद्य राहिली!

या तंट्याचा निवाडा इतिहास करूं शकत नाहीं. पण दोन गोष्टी तो निश्चित सांगतो. पहिली ही कीं, कोल्हापूर जेव्हां चांगलें वाढलें तेव्हां तें आधीं आंखून मग वाढलें. शाहूपुरी, जयसिंगपूर आणि राजारामपुरी यांत रस्ता प्रथम आला व घर मागाहून. घरें आधीं उठूं दिलीं आणि रस्ता नंतर शोधूं लागलें, तर पाडकामाची पाळी येते, व तें पाडकाम नेहमीं दुबळ्याच्याच घरावर येतें. दुसरी ही कीं, आंखणाऱ्यानें माणसांचा हिशेब जसा ठेवला, तसा पाण्याचाहि ठेवला पाहिजे. बाहेरून येणारा शेतकरी, बोर्डिंगांत राहणारा विद्यार्थी आणि चहाचें दुकान घालणारा कामगार यांना शाहूंच्या शहरांत जागा मिळाली. तेवढ्याच आदरानें नाल्याला आणि नदीला जागा सोडण्याचें काम मात्र पुढच्यांवर राहून गेलें.

अंबाबाईच्या दर्शनाहून परतणारा यात्रेकरू पुन्हां त्याच वाटेनें स्थानकाकडे जातो. बोळ संपतो, तटाचा तुकडा मागें पडतो, नाला ओलांडला जातो आणि रस्ता सरळ होतो. पुलावर क्षणभर थांबून खालीं पाहिलें, तर उन्हाळ्यांत नाला इतका बारीक दिसतो कीं त्याला जागा कशाला हवी असें वाटावें. त्याची खरी रुंदी पहावयाची असेल तर ती पावसाळ्यांत, कुंभार गल्लींतल्या भिंतींवर पाण्यानें ओढलेल्या रेघेवर पाहावी. नव्या कोल्हापूरचा नकाशा जो कोणी आंखील, त्यानें लेखणी उचलण्यापूर्वीं ती रेघ एकदां पाहून यावी.